पुरवठा आला नसेल तर उगे राहावे

तमिळ पंचांगातल्या आवणी महिन्यातला दुसरा बुधवार. सकाळचे काम: एका तापमापक चिपच्या ड्रायव्हरची तिसरी आवृत्ती तपासणे, त्यातही फक्त वीजपुरवठ्याचा भाग. बाकीचा भाग मी सोमवारीच वाचून संपवला होता आणि त्यात भांडण्यासारखे काही उरले नव्हते. वीजपुरवठ्यात मात्र नेहमी उरते. चिपला काय विचारायचे, तिने दिलेले आकडे कसे फिरवायचे, हे सगळे लोक मन लावून लिहितात. तिला वीज कोण देणार, हा प्रश्न ते घराच्या गच्चीवरच्या टाकीसारखा हाताळतात. कोणीतरी मोटर लावली असेलच.

माझे काम सांगताना दर वेळी पंचाईत होते. संगणकाच्या अगदी आतला जो भाग सगळ्या यंत्रांना कामाला लावतो त्याला कर्नल म्हणतात, आणि एकेका यंत्राशी बोलायला त्यात जो छोटा प्रोग्राम असतो तो ड्रायव्हर. दुसऱ्यांनी लिहिलेले ड्रायव्हर वाचून मी त्यांतल्या चुका काढते. आमच्या नात्यातल्या बायकांनी याचा सरळ अर्थ लावला आहे: मी सैन्यातल्या एका कर्नलकडे नोकरीला आहे आणि त्याच्या गाडीच्या ड्रायव्हरवर लक्ष ठेवते. एका लग्नात नवऱ्याच्या आत्याने मला विचारले, "तो माणूस अजून सुधारला नाही काय? इतकी वर्षे जाहली." मी म्हटले, नाही. ते खोटे नव्हते.

ही आत्या आणि मी ज्या मराठीत बोललो ती कुंभकोणमची मराठी. आमचे पूर्वज मराठा राजांच्या मागोमाग तंजावरकडे आले, कचेऱ्यांत चिकटले आणि परत जायचे राहून गेले. आता शेजारी आम्हाला रायर, म्हणजे राव, म्हणतात, दाराबाहेर आम्ही तमिळ बोलतो आणि दाराच्या आत तीनशे वर्षांपूर्वीचे काहीतरी. लिहायची मराठी मी पुस्तकांवरून आणि पुण्यातल्या नोकरीच्या काळात शिकले. तिथे लोक मला कौतुकाने विचारत, "तुम्ही मराठी छान बोलता, कुठे शिकलात?" घरी, असे सांगितले की त्यांचा विश्वास बसत नसे.

तर, पुण्यातलीच एक छोटी कंपनी दूध संकलन केंद्रांसाठी एक पेटी बनवते. ही पेटी दुधाच्या थंड टाकीवर बसते, दुधाचे तापमान मोजते आणि ते चढले की घंटा वाजवते. चाचणीची पेटी कुंभकोणमच्या पूर्वेला तिरुनीलक्कुडीच्या केंद्रात बसवली होती, कारण कंपनीच्या व्यवस्थापकाच्या मते "मॅडम, तुम्ही तिथेच आहात ना". पुण्याहून पाहिले की सगळे तमिळनाडू "तिथेच" असते. मी या कंपनीची नोकर नाही. ती मला ड्रायव्हर तपासण्याचे काम देते आणि मी ते घरच्या जेवणाच्या टेबलावर बसून करते.

ड्रायव्हर लिहिणारी अभियंता मूळची साताऱ्याची, तिशीतली. मुलगी झाल्यावर काही वर्षे घरी होती आणि आता प्रोबेशनवर नोकरीत परतली होती. व्यवस्थापकाने तिला भर बैठकीत सांगितले होते की हा ड्रायव्हर तिच्या नावाने अधिकृत कर्नलकडे, म्हणजे तो सांभाळणाऱ्या जगभरच्या मंडळींकडे, महिनाअखेरच्या आत मंजुरीला गेला तर नोकरी पक्की, नाहीतर "पुढे बघू". तिच्या घरी या "पुढे बघू"ची वाट पाहणारी मंडळी होती. सासऱ्यांनी पाळणाघराबद्दलचे आपले मत आधीच कळवले होते. एकदा फोनवर ती म्हणाली, "ताई, नोकरी पक्की झाली तर तो विषय संपेल. नाही झाली तर मी संपेन." पुढच्याच वाक्यात तिने मला चिपच्या घड्याळाबद्दल विचारले. मला ती आवडली ती या दुसऱ्या वाक्यामुळे.

आता फोनवर का, ते सांगायला हवे. ड्रायव्हर तपासणारा माणूस आपले शेरे लेखी देतो. जगभर हीच पद्धत आहे. मीही पहिल्या आवृत्तीवर लेखी शेरे दिले. पहिल्या आवृत्तीत तिने चिपचा वीजपुरवठा ऐच्छिक म्हणून मागितला होता, म्हणजे मिळाला तर घेऊ, नाहीतर तसेच पुढे जाऊ. का, तर एका जुन्या बोर्डाच्या वर्णनात पुरवठ्याचा उल्लेख करायचा राहिला होता. मी लिहिले की ऐच्छिक याचा अर्थ ती चिप विजेशिवाय चालते असा होतो. बोर्डाचे वर्णन लिहिणारा विसराळू होता, असा होत नाही. विसराळूपणासाठी कर्नल स्वतःच एक लुटुपुटीचा पुरवठा हातात ठेवतो. तिने लगेच दुरुस्त केले. दोघींना समाधान वाटले.

व्यवस्थापकाला वाटले नाही. त्याच्या महिन्याच्या तक्त्यात प्रत्येक लेखी शेरा एक दोष म्हणून मोजला जात होता आणि लाल रंगात येत होता. माझ्यामुळे तक्ता गालाला कुंकू लावल्यासारखा दिसू लागला. त्याने मला फोन केला.

"मॅडम, तुमचे शेरे खूप व्हॅल्युएबल आहेत. पण ते लिहू नका."

"मग काय करू?"

"फोनवर सांगा ना. लिहिलं की मोजलं जातं."

मी होकार दिला. ज्याचे काम त्याची पद्धत. त्या दिवसापासून तक्ता हिरवा झाला आणि गुणवत्ता सुधारल्याबद्दल त्याने सगळ्यांना केक दिला, असे मला साताऱ्याच्या मुलीने सांगितले. माझे फोनवरचे शेरे ती वहीत उतरवून घेई आणि तिच्या खोलीतली मंडळी त्याला बखर म्हणत. "ताईंची बखर आली का?" असे. हेही तिनेच सांगितले, हसत. मला राग आला नाही. मी "म्हणोन" म्हणते, "ऐसे" म्हणते, हे मला माहीत आहे.

त्या बुधवारी तिसऱ्या आवृत्तीत अडचण अशी होती. यंत्र सुरू होताना कर्नलचे सगळे भाग एकाच वेळी जागे होत नाहीत. कधी तापमापकाचा ड्रायव्हर आधी उठतो आणि त्याला वीज देणारा भाग अजून अंथरुणातच असतो. अशा वेळी ड्रायव्हरने पुरवठा मागितला की कर्नल उत्तर देतो: अजून नाही, मागाहून या. ड्रायव्हरने तेवढे ऐकून परत जायचे असते. कर्नल त्याला नंतर आपणहून बोलावतो. हिच्या ड्रायव्हरने ते उत्तर तपासले होते, परत जाणेही बरोबर होते, पण प्रत्येक वेळी जाता जाता तो पडद्यावर "पुरवठा मिळाला नाही" असे लाल अक्षरांत ओरडत होता. पेटी सुरू केली की पानभर आक्रोश, आणि त्यानंतर सगळे सुरळीत.

मी फोन लावला.

"पुरवठा मागितल्यावर नकार आला की तुझा ड्रायव्हर ओरडतो," मी म्हटले.

"एरर आला तर सांगायला नको का, ताई?"

"ही चूक नव्हे. देणारा अजून उठला नाही, इतकेच. मागाहून ये ऐसे कर्नल म्हणतो. जावे, मागाहून यावे. बोंब कशाला?"

"पेटी लावली की दूधवाले घाबरतात, हे खरं आहे."

"तेच म्हणते. तिथे उगे राहायचे. ती तपासणी उगी असू दे."

"उगी?"

"उगी."

"बरं." मग लिहिल्याचा आवाज. "कळलं, ताई. खरं तर मलाही तसंच वाटत होतं."

इथेच मी सावध व्हायला हवे होते. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला तपासणाऱ्याचे म्हणणे पटले आहे, हे इतक्या वर्षांत मी फारसे पाहिलेले नाही. पण कुकरची शिट्टी झाली आणि मी फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात आमच्याकडे वीजखात्याचा महिन्याचा देखभालीचा दिवस आला. आधी वर्तमानपत्रात गावांची नावे येतात आणि मग त्या गावांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत वीज नसते. सगळे आपापली दळणे आणि धुणी आदल्या दिवशी उरकून घेतात. यात तिरुनीलक्कुडीचे नाव होते. पुण्याच्या प्रयोगशाळेत वीज जाण्याचे नाटक करायला एक महागडे यंत्र आहे. आमच्याकडे तीच सोय फुकट आहे आणि जास्त प्रामाणिक आहे. पेटी कशी वागते ते पाहायला मी टाऊन बस धरून निघाले. चौथी आवृत्ती अजून माझ्याकडे तपासायला आलेली नव्हती. त्यामुळे पेटीत तिसरीच असणार, थोडी ओरडेल आणि चालू होईल, अशी माझी समजूत होती.

केंद्राचे सचिव दारातच भेटले. भस्म लावलेले, नीटनेटके गृहस्थ. पेटी आल्यापासून ते तिला रोज फूल वाहतात.

"या अम्मा," ते तमिळमध्ये म्हणाले. "पुण्याहून काल संध्याकाळी फोन आला होता. पेटीत तिथूनच नवीन काहीतरी घातले आहे म्हणे. आज पाहा कसे काम करते आहे."

पेटीवर हिरवा दिवा होता. आकडा होता शून्य.

वीज गेल्यावर जनरेटर सुरू झाला होता आणि पेटीही नव्याने सुरू झाली होती. टाकी थंड ठेवणारे यंत्र मात्र जनरेटरवर आपोआप सुरू होत नाही. त्याचे बटण हाताने दाबावे लागते. ते दाबायचे केव्हा, तर पेटीने घंटा वाजवली की. पेटीने घंटा वाजवली नव्हती.

"शून्याला दूध गोठायला येते," मी म्हटले.

"साध्या पेटीच्या टाकीत येत असेल."

"तुम्ही टाकीला हात लावून पाहा बरे."

त्यांनी लावला. मग हात काढून धोतराला पुसला. "हाताला काय कळते, अम्मा? हात आत्ता उन्हातून आला आहे."

मी लावला. टाकी कोमट होती. मी तसे सांगितले. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिले, कारण मी कंपनीची बाई असून कंपनीच्या पेटीवर माझा विश्वास नव्हता. पाहुणचार राहिला म्हणून त्यांनी शेजारच्या दुकानात टाकीतले भांडेभर दूध कॉफीसाठी पाठवले. थोड्या वेळाने दुकानदार स्वतःच भांडे घेऊन आला. दूध फाटले होते.

सचिवांनी भांड्यात पाहिले. मग पेटीकडे पाहिले. शून्य, हिरवा दिवा.

"तुझे भांडे आंबट असेल," ते दुकानदाराला म्हणाले.

"भांडे आंबट, की तुमची टाकी?" दुकानदार म्हणाला. "सकाळपासून याच भांड्यात कॉफी करतो आहे. अम्मांना विचारा, त्या इंजिनिअर आहेत."

मी भिंतीवरचे बटण दाबले. यंत्र घरघरायला लागले. पण सकाळचे दूध वाचण्याच्या पलीकडे गेले होते. सचिव भिंतीला टेकून बसले आणि मग म्हणाले, "पेटीने सांगितले म्हणून मी थांबलो." त्यात तक्रार नव्हती. एखाद्या वडीलधाऱ्याने आपल्याला फसवावे तसा त्यांचा चेहरा होता.

मी लॅपटॉप पेटीला जोडला. आत चौथी आवृत्ती होती. पुरवठा मागणारी ओळ होती, पण त्याचे उत्तर पाहणारी तपासणी साफ गायब होती. म्हणजे ड्रायव्हर वीज मागत होता, कर्नल म्हणत होता "मागाहून या", आणि ड्रायव्हर ते न ऐकता तसाच पुढे जाऊन वीज नसलेल्या चिपला तापमान विचारत होता. वीज नसलेली चिप काही सांगत नाही. तारेवर सगळी शून्ये येतात. या चिपच्या हिशेबात सगळी शून्ये म्हणजे शून्य अंश. पुण्यात टेबलावरच्या पेटीला वीज कायम चालू असते, म्हणून तिथे कोणाला काही दिसले नव्हते.

बदलासोबत लिहायची जी टीप असते, तीत साताऱ्याच्या मुलीने इंग्रजीत लिहिले होते: रिव्ह्यूमध्ये सुचवल्याप्रमाणे अनावश्यक तपासणी काढली. सुचवणारी म्हणून खाली माझे नाव.

मी आयुष्यात कोणालाही तपासणी काढायला सांगितलेली नाही. लग्न ठरताना मी नवऱ्याच्या पदव्यांच्या मूळ प्रती पाहून घेतल्या होत्या. त्याने आजपर्यंत ते विसरलेले नाही आणि माझाही तसा आग्रह नाही. मी ती टीप दोनदा वाचली, मग फोनवरचे बोलणे आठवले, आणि काय झाले असावे ते माझ्या लक्षात आले.

दुपारी व्यवस्थापकाने आम्हा तिघांची बैठक लावली. मी केंद्राच्या ओसरीवर बसून लॅपटॉपवरून बोलत होते. मागे सचिव टाकी धुऊन घेत होते.

"आपल्याला ब्लेममध्ये जायचं नाहीये," व्यवस्थापकाने सुरुवात केली. "पण कुणी केलं?"

"मी केलं, सर," ती म्हणाली. "पण ताईंनी सांगितलं म्हणून."

"मी तपासणी काढ म्हटले नाही."

"ताई, तुम्ही म्हणालात ती उगी आहे. माझ्या वहीत आहे."

"उगी असू दे, म्हटले. उगी म्हणजे गप्प."

"उगी म्हणजे उगाच."

"उगे राहा म्हणजे काय गं, तुमच्याकडे?"

"आमच्याकडे असं कुणी म्हणतच नाही. उगा म्हणजे विनाकारण. उगा आलो, उगा गेलो."

आमच्या घरात पोरे दंगा करू लागली की उगे राहा म्हणतात. पाहुणे कुजबुजू लागले की उगे बसावे. तमिळमध्ये याच जागी सुम्मा म्हणतात. सुम्मा इरु म्हणजे गप्प राहा, सुम्मा वंदेन म्हणजे सहज आलो, काही काम नाही. एकच शब्द दोन्ही कामे करतो आणि कोणाचा घोटाळा होत नाही, कारण सगळे एकाच गावात राहतात. पुण्याकडे मात्र उग्याचा गप्पपणा कधी गळून गेला आणि नुसता निरर्थकपणा उरला, हे मला कोणी कळवले नव्हते.

तेवढ्यात ती म्हणाली, "अगं बाई."

"काय?" व्यवस्थापक म्हणाला.

"मी मुलीला रोज उगी उगी म्हणते. रडायला लागली की. म्हणजे गप्प हो. म्हणजे मला माहीत होता की हा शब्द."

"मग?"

"पाळण्यातला शब्द आहे सर. ड्रायव्हरमध्ये येईल असं वाटलं नाही."

व्यवस्थापकाने थोडा विचार केला. "एक मिनिट. तुम्ही दोघी मराठीतच बोलत होता ना?"

"हो," ती म्हणाली. "पण एकाच शतकात नव्हतो."

मला हसू आले. तिला आले नाही, कारण व्यवस्थापकाने लगेच निर्णय दिला. इथून पुढे सगळा रिव्ह्यू इंग्रजीत. हा ड्रायव्हर तो दुसऱ्या टीमकडे देणार, त्यांच्या नावाने तो पुढे जाईल, आणि हिच्या प्रोबेशनचे पुढच्या सहामाहीत बघू. "नथिंग पर्सनल," तो म्हणाला. पडद्यावर ती खाली काहीतरी लिहीत असल्यासारखे करत होती. हातात पेन नव्हते.

"इंग्रजीत म्हणजे लेखी काय?" मी विचारले.

"नाही नाही. फोनवरच. पण इंग्रजीत."

"लेखी असते तर हे घडलेच नसते. कागदावर मी उगे लिहीत नाही."

"ते मेट्रिक्ससाठी होतं, मॅडम. शेरे दिसले की क्लायंट विचारतो."

"आता क्लायंट टाकी धुतो आहे. दाखवू?" मी लॅपटॉप वळवला. सचिवांनी ओल्या हाताने पडद्याला नमस्कार केला. व्यवस्थापकानेही केला.

"आणखी एक," मी म्हटले. "चौथी आवृत्ती माझ्याकडे आलीच नाही. मी वाचली असती तर दुसऱ्याच ओळीला थांबवली असती. ती न तपासता पेटीत कोणी घातली?"

"डेमो होता."

"कोणाचा?"

यावर त्याने अलाइन होण्याबद्दल, म्हणजे सगळ्यांनी एका दिशेने चालण्याबद्दल, बरेच सांगितले. ते मी ऐकून घेतले, कारण ऐकायला पैसे पडत नव्हते. त्याचे संपल्यावर मी मुद्द्यावर आले. अधिकृत कर्नलकडे पाठवायच्या प्रत्येक बदलावर लेखकाचे नाव असते आणि त्याखाली तपासणाऱ्याचे. तिथला जो माणूस शेवटी मंजुरी देतो, त्याने माझे तपासलेले ड्रायव्हर अनेक वर्षे पाहिले आहेत. माझे नाव असले तर तो लवकर वाचतो, नसले तर रांगेत ठेवतो. महिनाअखेर दाराशी आली होती.

"लेखक बदलला तर खाली माझे नाव येणार नाही," मी म्हटले. "जिने लिहिले तिचेच वर असेल तर मी तपासेन."

"मॅडम, इट्स जस्ट अ नेम."

"मग तुमचे काय जाते?"

"मी उद्या बघतो," असे म्हणून त्याने बैठक संपवली.

बस लवकर नव्हती म्हणून मी ओसरीवरच बसले. तिचा फोन आला.

"ताई, आता काय करू?"

"तो उद्या बघणार आहे. तू आज थेट अधिकृत कर्नलकडे पाठव."

"परवानगी न घेता?"

"पाचवी आवृत्ती आज पाठवायची म्हणोन तक्त्यात कोणी लिहिले?"

"सरांनीच."

"झाले तर. वरिष्ठांची आज्ञा पाळ. तपासणी परत घाल."

"आणि उगी?"

"कोणती?"

"तुमची." आता ती हसली. "गप्प राहणारी."

मी तिला सांगितले की कर्नलमध्ये याच कामासाठी एक तयार फंक्शन आहे. खरोखरची चूक असेल तर ते बोलते. नुसता "मागाहून या" असा निरोप असेल तर ते उगे राहते आणि निमूट परत फिरते. या वेळी एकेक ओळ मी तिला इंग्रजी अक्षरांत संदेश करून पाठवली. मोजली गेली तर गेली.

घरी जेवताना मी नवऱ्याला सगळी हकीकत सांगितली. त्याने त्या फंक्शनबद्दल पुन्हा विचारून घेतले.

"खरी चूक असेल तरच बोलते?"

"हो."

"बाकी वेळ उगे?"

"हो."

"घरासाठी मिळते काय?"

"तुम्ही वाढून घ्या," मी म्हटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर मी कर्नलकडे ईमेलने बदल पाठवायची मेलिंग लिस्ट उघडली. ही लिस्ट सगळ्या जगाला वाचता येते आणि तिथे आलेले पुसता येत नाही. पाचवी आवृत्ती आली होती, लेखक म्हणून तिचे नाव पूर्ण, माहेरचे आणि सासरचे दोन्ही घालून. त्याखाली, माझ्या आधी, व्यवस्थापकाचे उत्तर होते. तो बघणार होता तसे त्याने बघितले होते, आणि क्लायंटलाही प्रत गेलेली पाहून त्याने सर्वांसमक्ष तिचे नाव घेऊन अभिनंदन केले होते. हा ड्रायव्हर तिने एकटीने लिहिला आहे आणि आमच्या टीमला तिचा अभिमान आहे, असे त्यात होते. लिस्टवर अशी पत्रे कोणी लिहीत नाही. एका अनोळखी परदेशी माणसाने खाली एवढेच विचारले होते की यात तांत्रिक मुद्दा कोणता. मला मात्र व्यवस्थापकाचे ते पत्र फार उपयोगाचे वाटले. लेखक दुसरा आहे असे म्हणायची सोय आता त्याला राहिली नव्हती.

मग मी वीजपुरवठ्याचा भाग वाचायला घेतला. तपासणी जागेवर होती, ओरडणे गेले होते. पण घाईत ओळी वरखाली करताना एक चूक झाली होती. वीज दिल्यावर चिपला जागे व्हायला क्षणभर वेळ द्यावा लागतो. तिची थांबायची ओळ वीज सुरू करायच्या ओळीच्या वर गेली होती. म्हणजे ड्रायव्हर आधी शांतपणे वाट पाहणार, मग वीज देणार, आणि लगेच धावत प्रश्न विचारणार.

तिच्या नावाने लिस्टवर आलेल्या पहिल्याच आवृत्तीवर सगळ्या जगासमोर चूक दाखवायची की फोन करून सांगायची, हा विचार मी केला. फोनवर सांगण्याचे परिणाम ताजे होते. मी लिस्टवर इंग्रजीत दोन वाक्ये लिहिली: थांबणे वीज दिल्यानंतर हवे, आधी नको. हे दुरुस्त करून पुन्हा पाठवावे. पाठवून दिले आणि इडलीचे पीठ आंबले आहे का ते पाहायला गेले.

इडल्या उतरवायच्या आत सहावी आवृत्ती आली. ओळ खाली गेली होती. तिने कोणतीही सबब लिहिली नव्हती, फक्त "दुरुस्त केले, धन्यवाद". मी तो भाग वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला. वीज मागणे, उत्तर पाहणे, नसेल तर उगे परत जाणे, असेल तर देणे, थांबणे, मग विचारणे. खाली तपासल्याची ओळ लिहून माझे नाव घातले आणि पाठवले. आता गोष्ट मंजुरी देणाऱ्याच्या हातात होती, व्यवस्थापकाच्या नव्हे. लॅपटॉप पिशवीत टाकला, सचिवांना फोन करून सांगितले की मी येईपर्यंत वीज गेली तर घंटेची वाट न पाहता टाकीचे बटण दाबा, पेटी काहीही म्हणो, आणि सहावी आवृत्ती पुण्यावर न सोडता स्वतःच्या हाताने पेटीत घालायला तिरुनीलक्कुडीची बस धरली.